धूळपाटी, पोथी आणि कपाटातला टॅब

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. पण गडबमधल्या, पेणमधल्या, रोह्याकडच्या बहुतेक घरांशी हिचा संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

गेल्या रविवारी कपाट आवरायला काढलं. वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे टॅब सापडला. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलीसाठी घेतलेला. दोन वर्षं वापरला, मग शाळा सुरू झाल्या आणि तो चादरींच्या मागे गेला. चार्जिंगला लावला तर ढिम्म. पाठ फुगलेली. वडखळच्या मोबाईलवाल्याने हातात घेतला आणि लगेच परत दिला. म्हणाला, "दादा, बॅटरी फुगलीय. घरात ठेवू नका."

त्याच कपाटाखाली पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझी पहिलीतली दगडी पाटी निघाली. लाकडी चौकट एका कोपऱ्यात सुटलीय, पण पाटी शाबूत. ओल्या फडक्याने पुसली, मुलीने पेन्सिलीने नाव काढलं, स्वच्छ उमटलं. चाळीस वर्षांची पाटी चालली आणि पाच वर्षांचा टॅब गेला.

आता यावर "जुनं ते सोनं" असं लिहून मोकळं होता येतं. पण मला ते म्हणायचं नाही. उलट, टॅब वाया गेला यात टॅबचा दोष किती आणि आमचा किती, हे शोधायला मी मागे गेलो. बराच मागे गेलो.

इंग्रजीतल्या 'टॅब्लेट' या शब्दाचा जुना अर्थ लिहिण्याची सपाट पाटी असाच आहे. म्हणजे टॅब ही आपल्याला नवी वस्तू नाही. आपल्याकडे अक्षर गिरवायला सुरुवात व्हायची ती धुळीत. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटेचा भुगा पसरायचा आणि त्यात काडीने अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा काढायचं. ही धूळपाटी. कागद महाग, म्हणून हात बसेपर्यंत धूळ, आणि हात बसला की मग बोरू नि शाई. शाळेला इमारत नसायची. कुणाची तरी ओटी, नाहीतर देऊळ.

या शाळेचं फार कौतुकही करायला नको. मिठागरात आणि खारात राबणाऱ्या आगऱ्याच्या पोराला, कातकऱ्याच्या पोराला आणि जवळजवळ कुठल्याच मुलीला तिथे जागा नव्हती. फळी नि धूळ तर फुकट होती. अडचण साधनाची नव्हतीच, शेजारी बसून शिकवणारा माणूस कुणाच्या वाट्याला यायचा याची होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा विरोध पाटीला झाला नाही, तर पाटी कुणाच्या हातात द्यायची याला झाला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग छापखाना आला. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. त्या काळी सोवळं पाळणारे लोक छापील कागदाला शिवायला कचरायचे, कारण शाईत चरबी असते असा बोभाटा होता. गणपत कृष्णाजींनी काय केलं? शाईत चरबीऐवजी तूप वापरलं. लोकांना नावं ठेवत बसले नाहीत, त्यांची अडचण ओळखून वस्तू त्यांच्याजोगती केली. पुढे धार्मिक ग्रंथ छापले गेले तेव्हाही कितीतरी वर्षं आडव्या, सुट्या पानांच्या पोथीचाच आकार ठेवला गेला. यंत्र नवं, पण हाताला सवय जुन्या पोथीची, म्हणून छापखाना पोथीसारखा वागला.

आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. एखाद्या वर्षी नवनाथ, एखाद्या वर्षी पांडवप्रताप. वाचणारे आमचे एक काका, चष्म्याला दोरा बांधलेला. ते ओवी वाचायचे, दुसरे एक म्हातारे अर्थ सांगायचे आणि ओटीवर तीसेक माणसं ऐकायची. त्यातल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांना पांडवप्रतापातला कुठलाही प्रसंग विचारा, पाठ. एक पोथी, एक वाचणारा आणि तीस वाचक. हो, मी त्यांना वाचकच म्हणतो.

आपल्याच पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण ती संस्कृतात. मुलाने ती सोप्या मराठीत आणली, ती 'गीताई', १९३२ साली छापून आली. आईला वाचता येत होतं, पुस्तकंही मिळत होती. अडलं होतं ते भाषेपाशी.

एवढं मागे गेल्यावर मला तीन गोष्टी हाताला लागल्या. वाचन रुजायला साधन लागतं हे खरं, पण त्याबरोबर अक्षर आपल्या भाषेतलं लागतं, शेजारी माणूस लागतो आणि बसायला जागा लागते. आता टॅबकडे येतो.

संगणकावर मराठी बरीच आधी आली. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेने त्यावर मोठं काम केलं. पण बाजारात प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. एकाने टाइप केलेलं दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की नुसत्या अगम्य खुणा. युनिकोडने यावर उपाय काढला. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक, मग मशीन कुठलंही असो. देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. पण ती सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्रापर्यंत पोचायला वीस वर्षं गेली. आपल्या हायवेच्या कामाची आठवण झाली ना?

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब विद्यार्थ्यांसाठी आला. सात इंची, डेटाविंड कंपनीचा, सरकारला एक टॅब २,२७६ रुपयांना पडला. स्वप्न मोठं होतं. देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅब. वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला 'आकाश २' आला, त्यात पवईच्या आयआयटीचा मोठा वाटा होता. पण एक गोष्ट फार कमी लोकांनी बोलून दाखवली. पहिला आकाश अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीवर चालायचा आणि त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरी मुळातून नव्हतीच. माझ्याकडे तेव्हा तसलाच एक फोन होता. मराठी पेपर उघडला की पानभर रिकामे चौकोन. म्हणजे खेड्यातल्या पोराला पाटी द्यायची आणि त्या पाटीवर 'ग' 'म' 'भ' 'न' उमटतच नाही, अशी गत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये हे सुधारलं. आकाशची योजना मात्र विरून गेली.

ई-रीडरचं तेच. टॅब आणि ई-रीडर यांत लोक गल्लत करतात, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. टॅबच्या पडद्यामागे दिवा असतो, तो सतत जळतो, म्हणून बॅटरी खातो आणि उन्हात दिसत नाही. ई-रीडरच्या पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात. त्यांत काळे-पांढरे कण, विजेचा झटका दिला की ते वर-खाली होतात आणि अक्षर तयार होतं. एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. म्हणून एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतो, भर उन्हात कागदासारखा दिसतो आणि त्यावर रील बघता येत नाही. माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

अमेझॉनचा किंडल अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००७ ला आला. त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली १ डिसेंबर २०१६ ला, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. मध्ये नऊ वर्षं गेली. पण मराठी माणूस तोवर हात बांधून बसला नव्हता. ई साहित्य प्रतिष्ठानने मराठी पुस्तकं पीडीएफ करून मोफत ईमेलने घरोघर पोचवली. पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली. मराठी विकिपीडिया तर १ मे २००३ पासून चालू आहे, आणि त्याचं भावंड विकिस्रोत जुनी मराठी पुस्तकं टाइप करून सगळ्यांसाठी खुली ठेवतं. हे काम करणारी माणसं पगारी नाहीत, तुमच्या-माझ्यासारखीच आहेत.

मी २०१८ साली कुणाचा तरी वापरलेला ई-रीडर घेतला. दिवा-रोहा गाडीत उभ्याने एका हाताने धरता येतो, एवढंच कारण. माझ्या लहानपणी गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं, वह्या-पुस्तकं पेणहून यायची आणि गोष्टीचं पुस्तक म्हणजे चैन. त्या गाडीत मी दोन वर्षांत जेवढं वाचलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत वाचलं नव्हतं.

आईचं सांगतो. मोतीबिंदूनंतर तिने हरिपाठाचं पुस्तक बाजूला ठेवलं होतं, बारीक अक्षर दिसेना. टॅब नवा होता तेव्हा एके दिवशी त्यावर हरिपाठ काढून अक्षर बोटाने मोठं केलं, एका ओळीत तीनच शब्द येतील एवढं. आई बघत राहिली आणि म्हणाली, "मना दिसतं रं सगला!" स्क्रीनने डोळे जातात असं आपण पोरांना सांगतो, आणि ते तासन्‌तास बघण्याबद्दल खरंही आहे. पण आईला तर त्याच स्क्रीनने वाचन परत दिलं.

आता शाळांकडे येऊ. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन डिजिटल वर्ग उभा केला आणि पुढे राज्यभरातल्या शिक्षकांना तो कसा करायचा ते शिकवलं. आदिवासी पाड्यावरची शाळा ती. २०१५ साली दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न गाजला, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नको असा सरकारी निर्णय झाला. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. आता नागपूरची महाज्योती, म्हणजे महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाची संस्था, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा मोफत देते. आगरी समाज ओबीसीत येतो. दहावी झालेल्या मुलांच्या आईबापांनी याची चौकशी करावी, म्हणून मुद्दाम लिहितोय. १८४८ साली पाटी कुणाच्या हातात द्यायची यावर भांडण होतं. आज फुल्यांच्याच नावाने ती आपल्या पोरांच्या हातात येते, ही लहान गोष्ट नाही.

पण हातात आल्यावर पुढे काय? इथे मला २०२० आठवतं.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी सरकारची मोहीम होती, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत होती. आमच्या आळीत मात्र चित्र असं, की तीन पोरं आणि बापाचा एक फोन, तोही बाप कामावर गेला की घराबाहेर. मी कर्ज काढावं तसा हिशेब करून टॅब घेतला. आणि ३ जूनला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले, झाडं पडली, खांब झोपले. कुठे आठवडाभर, कुठे त्याहून जास्त दिवस वीज नव्हती. नवाकोरा टॅब दुसऱ्याच दिवशी बंद पडला.

ई-रीडर मात्र चालू होता. काळोखात त्याच्या स्वतःच्या मंद उजेडात वाचता यायचं. पोरं कंटाळली होती, घाबरलीही होती. तिसऱ्या संध्याकाळी मी ओटीवर बसून 'श्यामची आई' मोठ्याने वाचायला घेतली. साने गुरुजी १९५० साली गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं, त्यामुळे ते फुकट उतरवून ठेवलेलं होतं. पहिल्या दिवशी चार पोरं होती. आठव्या दिवशी चौदा, आणि मागे भिंतीला टेकून तीन म्हाताऱ्या. मध्येच एखादी म्हातारी थांबवायची आणि आपल्या लहानपणचं सांगायची. मी वाचायचो, त्या अर्थ सांगायच्या.

पुढे वीज आली, टॅब चालू झाला, मुलगी कानात हेडफोन घालून आतल्या खोलीत गेली. ओटी रिकामी झाली. दोन वर्षं ती त्या टॅबवर तास बघत होती. काय समजलं, काय नाही, मी एकदाही शेजारी बसून विचारलं नाही. टॅब आणून दिला, आपलं काम झालं असं मला वाटलं. हा दोष माझा आहे, टॅबचा नाही.

आणि याहून मोठा दोष सांगतो, मग थांबतो.

माझी आत्या धवलारीण होती. आगरी लग्नात धवले म्हणणारी. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिला पाठ. हे कुठल्या पुस्तकात नाही, ती तिच्या आईकडून शिकली होती आणि तिची आई तिच्या आत्याकडून. मी तिला दर वेळी म्हणायचो, "आत्या, एकदा बसू, सगळे उतरवून घेऊ." ती म्हणायची, "ये की, मी कुठं चाललेय?" टॅब घरात होता, त्यात माइक होता, कॅमेरा होता. एक बटण दाबायचं होतं. आत्या गेल्या वर्षी गेली. माझ्याकडे तिचा एक धवला आहे, तोही अर्धा, लग्नाच्या व्हिडिओत डीजेच्या आवाजाखाली दबलेला.

पाटीवर नुसतं बघायचं नसतं, लिहायचंही असतं. धूळपाटीवर पोर स्वतः अक्षर काढायचं. आपण टॅबचा लहान टीव्ही करून टाकला. बाहेरचं सगळं आत घेतलं, आपलं काही त्यावर उमटवलं नाही. युनिकोडने मराठीचा प्रश्न सोडवला, पण आगरीतलं कोण टाकणार? ते पुण्याहून कुणी येऊन करणार नाही. आपली गीताई आपल्यालाच करायची आहे.

तर आता कामाचं.

घरातला पडून असलेला टॅब बाहेर काढा. पाठ फुगली असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, जाळू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चांगला असेल तर पूर्ण रिकामा ठेवू नका. अर्धा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा, बॅटरी टिकते. बालभारतीची पुस्तकं आणि विकिस्रोतावरची दोन-चार गोष्टींची पुस्तकं एकदा रेंज असताना उतरवून ठेवा, वीज-नेट नसताना उपयोगी पडतात. आणि पोराच्या हातात टॅब देऊन उठू नका. अर्धा तास शेजारी बसा. वाचता येत नसेल तरी बसा. पांडवप्रताप ऐकणाऱ्या निम्म्यांनाही वाचता येत नव्हतं.

मी ठरवलंय, येत्या रविवारपासून दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमची ओटी उघडी. तासभर. अर्धा तास पोरांसाठी वाचन, अर्धा तास धवले आणि जुन्या गोष्टींचं रेकॉर्डिंग. म्हणणारीचं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवायची, आणि तिची परवानगी असेल तरच पुढे पाठवायचं. मुलीने रेकॉर्डिंगची जबाबदारी घेतलीय.

ज्यांच्याकडे टॅब आहे त्यांनी चार्ज करून आणा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी घरातल्या म्हातारीला घेऊन या. टॅब उद्याही मिळेल.